चढावरचे सहा थांबे

टेपकाकांनी नगरपालिकेत चौतीस वर्षं मोजणी केली आणि त्या चौतीस वर्षांत एकही माप खोटं लिहिलं नाही. हे ते स्वतःच सांगायचे, तेही कुणी न विचारता, म्हणून लोक हसायचे. पण ते खरं होतं. गल्ली असो, गटार असो, नाहीतर कुणा बड्या असामीचं हळूच पुढे सरकलेलं कुंपण असो, काका टेप ताणून धरायचे, आकडा दोनदा वाचायचे आणि मगच वहीत उतरवायचे. चुकलंच तर रबर लावायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली सही. "खोडलेलं दिसलं पाहिजे," असं ते हाताखालच्यांना शिकवायचे. निवृत्तीच्या दिवशी टेप ऑफिसात जमा झाली, नाव मात्र अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

आता काकांचं वय शहात्तर. घर चढाच्या पायथ्याशी, वाचनालय माथ्यावर, मधे सहाशे चाळीस मीटरचा रस्ता. हा आकडा खुद्द काकांनी मोजलेला, तेव्हा त्यावर वाद नाही. काका हा चढ अजून एका दमात चढतात अशी त्यांची ख्याती होती, ती मात्र खोटी होती. काका रोज सहा वेळा थांबायचे. पण नुसता थांबलेला माणूस वेगळा आणि दम लागून थांबलेला वेगळा, आणि लोकांना पहिलाच दिसावा यासाठी काकांनी बरीच अक्कल खर्च केली होती.

पहिला थांबा विजेच्या खांबापाशी, बुटाची नाडी बांधायला. गेल्या वर्षी लेकीने बिननाडीचे बूट आणून दिले, तरी काका तिथे वाकतच राहिले. दुसरा घड्याळाच्या दुकानासमोर: काचेतल्या मोठ्या घड्याळाकडे बघून मनगटावरचं लावायचं. तिसरा टेलरच्या दारात. तिथे पायरीवर टेकायचं आणि विचारायचं, "काय, पँट झाली का?" टेलर मान न उचलता म्हणायचा, "अजून नाही, काका." पँट दोन वर्षांपूर्वी टाकलेली होती. चौथा नगरपालिकेच्या सूचना फलकापाशी. तिथली पाणी बंद राहण्याची मागच्या उन्हाळ्यातली सूचना काकांना तोंडपाठ होती. पाचवा औषधाच्या दुकानाबाहेरच्या वजनकाट्यावर. सहावा वळणावरच्या बुटक्या भिंतीपाशी, खाली पसरलेलं गाव बघायला. गाव काही रोज बदलत नव्हतं, पण बघणाऱ्याला कोण अडवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पूर्वी काकू बरोबर असायच्या. दर गुरुवारी दोघं वाचनालयात जायची. काकू कपाटांपुढे तासभर उभ्या राहायच्या, पुस्तक मधेच उघडून दोन पानं वाचायच्या, नाक मुरडून परत ठेवायच्या, आणि शेवटी एकच घेऊन यायच्या. गेले आठ महिने त्या चढावर आल्या नव्हत्या. "गुडघा दुखतो हो. तुम्हीच आणा काहीतरी," म्हणाल्या, आणि तेव्हापासून काका आणायला लागले. काकांची निवड अशी की तीनपैकी दोन पुस्तकं काकूंनी आधीच वाचलेली असायची आणि तिसरं वाचवत नसायचं. काकू काही बोलायच्या नाहीत. खिडकीशी बसून तेच पुस्तक पुन्हा वाचायच्या. हल्ली त्या कपडेही घरातलेच घालून बसायच्या दिवसभर, आणि ते काकांच्या मनाला लागायचं.

त्यांची लेक त्याच नगरपालिकेत, नगररचना विभागात. चढाचा रस्ता नव्याने करायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि ती हरखून गेली होती. तिने फूटपाथ रुंद काढला, पायऱ्यांच्या जागी उतार काढला, आणि वाटेत आठ बाक काढले. म्हातारी माणसं बाहेर पडावीत, चालती राहावीत, तर वाटेत टेकायला जागा हवी, एवढं साधं तिचं म्हणणं होतं. पण तिचे साहेब आकड्यांचे माणूस. "बाक हवेत हे कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "मोजून दाखवा."

म्हणून मोजणी ठरली. वाचनालयात येणारे चौदा ज्येष्ठ नागरिक एका शनिवारी सकाळी पायथ्याशी जमले. एकेकाने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने निघायचं, नेहमीसारखं चालायचं. खाली एक कारकून, वर एक कारकून, दोघांच्या हातात घड्याळ, आणि कोण किती वेळा थांबतं ते लिहायला मधे चढावर लेक.

आता चौदा म्हाताऱ्यांना रांगेत उभं करून घड्याळ दाखवल्यावर ते नेहमीसारखे चालतील, असं ज्याला वाटलं तो उंटावरचा शहाणाच म्हणायचा. शाळेच्या निवृत्त हेडबाई नवेकोरे बूट घालून आल्या होत्या. एकाने चक्क मांड्यांना तेल लावलं होतं. आणि सगळ्यांत पुढे टेपकाका. "बाबा, सावकाश हं," लेक म्हणाली, आणि काकांनी ते ऐकलंही. पण मागे हेडबाई होत्या. खांब आला, काका वाकले नाहीत. टेलरने दारातून हात केला, काकांनी तिकडे पाहिलंदेखील नाही. हात झुलवत, छाती पुढे काढून ते आठ मिनिटांत माथ्यावर पोचले, वाचनालयाचा कठडा धरला आणि दारावरच्या वेळांची पाटी वाचत उभे राहिले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, एक अक्षर दिसत नव्हतं. मागून हेडबाई आल्या आणि त्याही पाटी वाचायला लागल्या. मग एकेक करून चौदाही जण पाटीसमोर जमले.

सोमवारी संध्याकाळी लेक घरी आली ती फाइल टेबलावर टाकूनच बसली.

"काय गं, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"बाक गेले. सरासरी नऊ मिनिटं. थांबे शून्य. साहेब खूश झाले. म्हणाले, आपल्या गावातली म्हातारी माणसं तरण्यांना लाजवतील. बाकांच्या जागी आता फुलांच्या कुंड्या ठेवायच्या."

"कुंड्या?"

"मोठ्या. सिमेंटच्या."

"आणि मला कुणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या.

"अगं आई, तू चढावर येतच नाहीस. जो चालतो त्याचीच मोजणी..." बोलता बोलता लेक थांबली. कपाळाला हात लावून ती आईकडे बघत राहिली.

"म्हणजे ज्यांना बाक हवेत ते घरी, आणि ज्यांना नकोत ते रस्त्यावर," काकू म्हणाल्या. "छान मोजणी केलीत हो."

लेकीला चूक कळली होती, पण चुकीचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला चहाच्या कपात बघत बसला होता. चौतीस वर्षं टेप ताणून धरली, आणि एका शनिवारी, स्वतःच्या लेकीच्या कामात, स्वतःच्या पायांनी खोटं माप देऊन आलो. काकांना लाज वाटली. सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं. पण समोर काकू होत्या, आणि काकूंसमोर तर मुळीच नको. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका थेट साहेबांकडे गेले. हे साहेब नवे नवे लागले तेव्हा महिनाभर काकांच्या टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभे राहिलेले. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"नमुना चुकलाय," काका म्हणाले. "जे चढू शकत नाहीत त्यांना धरलंच नाही. माझ्या बायकोची मोजणी करा. ती जिथे थांबेल तिथे खडूने खूण करू."

"काका, चौदा नोंदी एकीकडे आणि एक एकीकडे. एकटीच्या मापावर मी रस्ता बदलू?"

"माप तर घ्या. मग ठरवा."

साहेबांनी होकार दिला, वचन काही दिलं नाही. काका बाहेर आले ते जरा मोकळे होऊनच. बाक मिळण्याची वाट निघाली होती आणि आपली मूठही झाकलेली राहिली होती. बायकोला पुढे करून आपण मागे लपलो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तेवढा भाग त्यांनी मनातल्या मनात रबराने खोडला.

काकू आधी तयार होईनात. "मला तमाशा नको. गावासमोर धापा टाकायला लावता?"

"घडीचं स्टूल मी घेतो. वाटेल तिथे बस, वाटेल तितका वेळ बस. आणि वाचनालयात आज पुस्तक तू निवड."

काकूंनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. ते त्या तिसऱ्यांदा वाचत होत्या. "चला," त्या म्हणाल्या, आणि आठ महिन्यांनी कपाटातली बाहेरची साडी निघाली.

काकू काठी घेऊन, शेजारी काका स्टूल घेऊन, मागे लेक कागद घेऊन, अशी वरात निघाली. विजेच्या खांबाशी काकू म्हणाल्या, "इथे." काकांनी स्टूल उघडलं, खडूने फुली मारली आणि मनातून देवाचे आभार मानले, कारण त्यांनाही तिथेच थांबायचं होतं. पुढे घड्याळाचं दुकान आलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "इथे." आतून दुकानदार ओरडला, "काय काका, आज घड्याळ नाही लावायचं?" काका घाईघाईने फुली मारायला वाकले. काकू दुकानदाराकडे बघत राहिल्या.

टेलरच्या दाराशी काकू तिसऱ्यांदा बसल्या. टेलरने मशीन थांबवलं आणि सवयीने म्हणाला, "पँट अजून नाही झाली हं, काका."

"कुठली पँट?" काकूंनी विचारलं.

"ती करड्या रंगाची. दोन वर्षं झाली असतील, काकू. काका रोज विचारायला येतात, बसतात पायरीवर पाच-दहा मिनिटं." आणि मग काकांचा चेहरा बघून टेलरने जीभ चावली.

काकूंनी वळून पाहिलं. "रोज बसता इथे?"

काका हातातल्या खडूकडे बघायला लागले.

"अहो, मी विचारतेय. खांबाशी?"

"थांबतो."

"घड्याळाच्या दुकानाशी?"

"तिथेही."

"अजून किती?"

"सहा," काका म्हणाले. "एकूण सहा. वळणावरच्या भिंतीशी जरा जास्त वेळ."

"आणि मी बरोबर असायचे तेव्हा?"

"तेव्हा होता होईतो नाही थांबायचो. तुला वाटलं असतं, म्हातारा झाला."

काकूंनी काठी मांडीवर आडवी घेतली. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच काकांना भीती वाटली. "शेवटच्या वेळी आलो, आठवतं? तुम्ही दहा पावलं पुढे. त्या दुकानासमोर उभे राहून मनगटावरच्या घड्याळात बघत होतात. मला वाटलं, कंटाळले. माझ्या पायी यांचा खोळंबा होतो. म्हणून मी यायचं बंद केलं. गुडघा दुखतो, ते काही खोटं नाही. पण गुडघ्याला कोण विचारतं? तुमच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नव्हतं मला."

"अगं, घड्याळ बघत नव्हतो. दम खात होतो."

"आठ महिने!" काकू म्हणाल्या, आणि आता मात्र आवाज चढला. "आठ महिने मी त्या खिडकीत बसले, आणि माझे यजमान इथे लोकांच्या पायऱ्यांवर बसत होते! एकदा म्हणाला असतात, जरा थांबू या, तर दोघं थांबलो असतो. तुमच्या या ऐटीने मला घरात कोंडलं, कळतंय का?"

काकांना कळत होतं. डोळे भरून आले, आणि भर रस्त्यात, टेलर आणि लेक बघत असताना, त्यांनी ते पुसलेही नाहीत. रस्त्यावरच्या आठ बाकांपेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या चालीने गिळलं होतं. ते लेकीकडे वळले. "शनिवारचा कागद आहे?"

लेकीने फाइलीतून काढून दिला. वरच त्यांचं नाव होतं, पुढे आठ मिनिटं, थांबे शून्य. काकांनी टेलरच्या टेबलावर कागद ठेवला, त्या ओळीवर पेनाने एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं: बावीस मिनिटं, थांबे सहा, आधीची नोंद खोटी होती. खाली सही केली, तारीख घातली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "हे साहेब वाचतील. सगळं ऑफिस वाचेल."

"वाचू दे. खोडलेलं दिसलं पाहिजे."

तेवढ्यात वरून हेडबाई आल्या. पायात जुन्या चपला होत्या, एक हात भिंतीला लावलेला. त्यांनी फुल्या पाहिल्या, स्टूल पाहिलं, काकांच्या खांद्यावरून कागद वाचला. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना हे बघून म्हणाल्या, "माझी ओळ कुठली? द्या ते पेन." त्यांचे थांबे सात निघाले.

काकू उठल्या. काठी उजव्या हातात घेतली आणि डावा हात काकांच्या दंडात घातला. "चला. सूचना फलक किती लांब आहे?" उरलेला चढ दोघं गप्पा मारत, थांबत, फुल्या मारत चढली. वर पोचायला चाळीस मिनिटं लागली. काकूंनी वाचनालयात सव्वा तास लावला आणि एकच पुस्तक घेतलं.

उतरताना काकांनी उरलेला खडू टेलरच्या पायरीवर ठेवून दिला होता. आठवड्याभरात चढावर इतक्या फुल्या झाल्या की लेकीला त्या दोन दिवस मोजाव्या लागल्या. चौदापैकी अकरा जणांनी आपली ओळ खोडून दिली. दोघांनी कानावर हात ठेवले. तिसरा, मांड्यांना तेल लावणारा, खरंच एका दमात चढत होता. त्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. साहेबांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग काकांच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "हे माप मी नाकारू शकत नाही. याच माणसाने मला मोजायला शिकवलंय." नकाशावर नऊ बाक आले.

बाकाचा नमुना ऑफिसच्या आवारात तयार झाला तेव्हा लेक आईला घेऊन गेली. काकू बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. "छान आहे. आता मला उठवायला क्रेन मागवा," त्या म्हणाल्या. मग बाक चार बोटं उंच झाला, दोन्ही बाजूंना हात लागले, पाठीला टेका मिळाला.

पाच महिन्यांनी, रस्ता पुरा झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी, काका-काकू टेलरच्या दारासमोरच्या नव्या बाकावर बसली होती. काकूंच्या मांडीवर परत करायचं पुस्तक होतं. ते त्यांना आवडलेलं नव्हतं, आणि का आवडलं नाही ते त्या आनंदाने सांगत होत्या. इतक्यात टेलर बाहेर आला. हातात घडी घातलेली करडी पँट.

"झाली?" काका चकित झाले.

"झाली कधीचीच, काका. टाकलीत त्याच आठवड्यात शिवून ठेवली होती."

"मग रोज नाही नाही का म्हणायचास?"

टेलर ओशाळला. "दिली असती, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही थांबायला कुठे आला असता? आता बाक आहे. घेऊन जा."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं आपली मूठ झाकलेली आहे असं समजून ते हिंडले होते, आणि या भल्या माणसाने ती बाहेरून आपल्या हातांनी धरून ठेवली होती. काकूंनीच पँट घेतली, उलगडली, काकांच्या कमरेला लावून पाहिली आणि हसायला लागल्या. कमरेत चांगली दोन बोटं कमी होती.

"माझी चूक नाही, काकू," टेलर म्हणाला. "माप घेताना काकांनी पोट आत ओढून धरलं होतं. मला दिसत होतं, पण चौतीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला मी काय सांगणार?"

"शिलाईत कापड आहे ना?"

"आहे की. सोडलंय तेवढं."

"मग घ्या पुन्हा माप," काकू म्हणाल्या.

टेलरने गळ्यातली टेप काढली. काका बाकाचा हात धरून उठले, सरळ उभे राहिले, आणि सवयीने छाती पुढे, पोट आत गेलं. बाकावरून काकू बघत होत्या. काकांनी श्वास सोडला, सगळा सोडला, आणि म्हणाले, "हं, आता लिही."